कोंड्याचं देऊळ

नोव्हेंबरातली दुपार होती. सुमिए मिकुरिया खांद्याला पिशवी आणि हातात वही घेऊन निशिजिन या विणकरांच्या वस्तीच्या बोळांतून पायऱ्या मोजत चालली होती. येत्या रविवारी ती आठ जणांना या बाजूला फिरवायला आणणार होती, सगळी सत्तरीच्या पुढची. कुठली पायरी उंच आहे, टेकायला बाक कुठे आहे, संडासाची सोय कुणाकडे होईल, हे आधी बघून ठेवायला हवं होतं. क्योतोतली मोठी देवळं या मंडळींनी जन्मभर पाहिली होती आणि आता तिथे पाहुण्यांच्या गर्दीत उभं राहायला जागा नसे. त्यांना हवी असायची ती घरांमागे दडलेली, शेजाऱ्यापाजाऱ्यांनाच ठाऊक असलेली देवळं. सुमिए ती शोधायची आणि हाताने नकाशे काढून द्यायची. शाळांच्या स्वयंपाकघरांची स्वच्छता तपासण्यात तिची सव्वीस वर्षं गेली होती. निवृत्तीनंतरचं हे काम तिला मोकळ्या हवेतलं वाटायचं.

बरोबर शेजारीण होती, हात्सुनो. वय एकाहत्तर, एकटी, आणि जीभ धारेची. तिने तीस वर्षं विजेच्या मागावर रेशमी कमरपट्ट्यांचं कापड विणलं होतं. कारखाना बंद पडल्यापासून तिचे हात स्वस्थ बसत नसत. चालतानाही ती रुमाल पिळत राहायची.

"तू देव बघायला आलीस की मोऱ्या?" वहीत डोकावून ती म्हणाली. "देवळागणिक संडास लिहून ठेवतेयस."

"तुम्हीच मागच्या खेपेला अर्ध्या वाटेवरून परत फिरलात. विसरलात?"

"हं, ते लिही. ते महत्त्वाचं आहे."

बोळ पुढे अरुंद होत गेला. कुठल्याशा घरात एक जुना माग अजून चालू होता, खट्टक खट्टक. कोपऱ्यावरच्या जिझोच्या, पोराबाळांना राखणाऱ्या त्या दगडी देवाच्या, गळ्यात नवं लाल लाळेरं होतं. त्याच्या पलीकडे दोन घरांच्या मधोमध देवळाचं फाटक होतं. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक होतं, पण गल्लीतले लोक त्याला नुकादेरा म्हणत, कोंड्याचं देऊळ.

वास फाटकाच्या आधीच आला. आंबूस, दाट, जरा गोडसर. भाताच्या कोंड्यात भाज्या मुरवायचा वास सुमिएला लहानपणापासून ठाऊक होता, तिच्या आईच्या घरीही तो असायचा. इथे मात्र त्याच्याखाली आणखी एक वास होता. दिवसभर बुटात राहिलेल्या पायाचा असतो तसा.

दार उघडलं ते रित्सु-सान यांनी, देवळाच्या दिवंगत पुजाऱ्यांच्या पत्नी. ठेंगण्या, पांढऱ्याशुभ्र केसांच्या, वागायला अगदी मऊ. त्यांचा उजवा हात गळ्यात अडकवलेल्या झोळीत होता, टोकापर्यंत पट्ट्यांनी गुंडाळलेला.

"मनगट मोडलं हो," त्या हसून म्हणाल्या. "या, या. दमला असाल."

त्यांनी चहा दिला आणि निळ्या बशीत लोणचं: सलगमाच्या पातळ चकत्या, वांग्याची जांभळी फोड, मुळा. हात्सुनोने पहिला घास घेतला आणि डोळेच मिटले. सुमिएनेही चकती तोंडात टाकली. इतकं चांगलं लोणचं तिने खरंच कधी खाल्लं नव्हतं. आंबट, खारट, आणि मागाहून जिभेवर रेंगाळणारी एक चव, ओळखीची आणि तरी नाव न सांगता येणारी. तिने दुसरी चकती घेतली, मग तिसरी.

तिसऱ्या चकतीत दाताखाली काहीतरी चिवट आलं. चावलं जाईना. सलगमाची साल असेल म्हणून तिने तोंडावर रुमाल धरला आणि ते हळूच बाहेर काढलं. जखमेवर लावायची पट्टी होती ती. कातडीच्या रंगाची, बोटाभोवती गुंडाळलेली तशीच गोल वळलेली, मधल्या कापसावर तपकिरी डाग.

हात्सुनोचं बोट दोन दिवसांपूर्वी सुरीने कापलं होतं, म्हणून तिने चटकन तिकडे पाहिलं. हात्सुनोची पट्टी जागच्या जागी होती, कोरडी.

शाळेत असती तर सुमिएने तिथल्या तिथे स्वयंपाकघर बंद करायला लावलं असतं. इथे ती पाहुणी होती. तिने रुमालाची घडी केली, चहाचा मोठा घोट घेतला आणि तो गिळताना, त्या डागातलं काहीतरी आपण आधीच गिळलंय हेही तिला कळलं.

"एक विनंती करू का?" रित्सु-सान म्हणाल्या. "कोंडा रोज हाताने ढवळावा लागतो. सकाळपासून कुणाचा हात लागलेला नाही. माझं तर हे असं..."

"मी केलं असतं," हात्सुनो बोट दाखवत म्हणाली, "पण हे बघा ना."

रित्सु-सान सुमिएच्या हातांकडे बघत होत्या. "किती स्वच्छ हात आहेत हो तुमचे."

"झालं!" हात्सुनो हसली. "आपल्याकडे कौतुक झालं की समजावं, कामाला जुंपलं."

नाही म्हणता आलं असतं. पण रविवारी आठ म्हातारी माणसं याच बशीतलं खाणार होती. एकदा आत जाऊन डोळ्यांनी बघावं, असा सुमिएने विचार केला आणि ती उठली.

स्वयंपाकघर मागे होतं, खालच्या मातीच्या जमिनीचं. तिथे गळ्यापर्यंत पुरलेला एक रांजण होता. लाकडी झाकण सरकवताच वास अंगावर आला, ओला, जड, आणि कुणी तोंडाजवळ तोंड आणून श्वास सोडावा तसा कोमट. कोंडा पिवळसर होता, वर तेलकट तकाकी. मध्ये एक बुडबुडा हळूहळू फुगला आणि फुटला.

सुमिएने कोपरापर्यंत हात धुतले, बाही खांद्याशी खोचली आणि हात आत घातला.

कोंडा गरम होता. नोव्हेंबरात, मातीत पुरलेल्या रांजणात, अंगासारखा गरम. बोटांमधून तो चिखलासारखा वर आला. तिने आईच्या सवयीने खालचा कोंडा वर ओढला, कडेचा मध्ये आणला. एक सलगम लागला, एक वांगं. कोपर बुडालं, दंड बुडाला, तरी तळ येईना. गाल रांजणाच्या काठाला टेकला तेव्हा बोटांना काहीतरी गार लागलं.

मुळ्यांची जुडी, असं तिला आधी वाटलं. पाच होते. मग तिच्या बोटांच्या बेचक्यांतून ते पाचही अलगद सरकले आणि मिटले.

तो हात ओढत नव्हता, दुखवत नव्हता. मऊ पडलेला, फार वेळ पाण्यात राहून सुरकुतलेला तो हात तिची बोटं एकेक करून वेगळी करत होता. अंगठ्यापासून सुरुवात झाली. नखाच्या कडेवरून एक बोट फिरलं, नखाखाली घुसलं, कोपऱ्यात थांबलं. मग पुढचं नख. मग त्याच्या पुढचं. सव्वीस वर्षं सुमिए स्वयंपाकिणींची नखं अशीच तपासत आली होती, न बोलता, सावकाश. आज पहिल्यांदा तिची तपासली जात होती.

करंगळीचं नख झालं आणि हात सुटला.

सुमिए मागे कोलमडली. दंडापासून खाली तिचा हात कोंड्याने लडबडला होता. ती नळाकडे धावणार तोच रित्सु-साननी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. पकड घट्ट होती.

"धुऊ नका... वाया जाईल." आणि मनगट सोडून त्यांनी त्याच हाताच्या बोटाच्या कडेने तिच्या दंडावरचा कोंडा निपटायला सुरुवात केली, कातडी लाल होईपर्यंत. निघालेला गोळा त्यांनी रांजणात टाकला. त्यात सुमिएच्या हातावरची बारीक लव दिसत होती.

"आत... आत कुणीतरी आहे," सुमिए कशीबशी म्हणाली.

"आहेत ना. ज्यांनी ज्यांनी ढवळलं, त्या सगळ्या." शेवटी त्यांनी आपलं बोट चाखून पाहिलं. "चव हाताचीच असते हो. प्रत्येकीचं थोडं थोडं उतरतं त्यात... तुम्हाला आवडलं ना मघाशी?"

फाटकाबाहेर गटारापाशी सुमिए गुडघ्यांवर बसली आणि तिने पोटातलं सगळं बाहेर काढलं. तरी ती चव जिभेवरून जाईना. सगळ्यात घाण वाटलं ते हे, की ओकतानाही ती चव चांगलीच लागत होती.

हात्सुनो पाठ चोळत होती. तिच्या पिशवीत रित्सु-साननी दिलेली लोणच्याची पुडी होती.

"हात होता म्हणे! सलगमाला मुळं असतात, बाई. तुला माणसांपेक्षा जंतूच जास्त दिसतात."

सुमिएने रुमाल उलगडून पट्टी दाखवली. हात्सुनोचं हसू थांबलं.

"ती पुडी टाका. माझ्यासाठी टाका."

"टाकते गं..." हात्सुनो म्हणाली. पण तिला ती टाकताना सुमिएने पाहिलं नाही.

घरी सुमिएने हात साबणाने धुतले, मिठाने चोळले, उकळत्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसले. आठही जणांना फोन करून तिने फेरी रद्द केली. नकाशावरचं ते फाटक तिने खोडून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने हात्सुनोच्या दारात हाक मारली. दार बंद होतं. बाजारात गेली असेल. संध्याकाळीही बंद. तिसऱ्या दिवशी फोन वाजत राहिला. चौथ्या दिवशी दुपारचं जेवण टाकून सुमिए पायांत बूट चढवून निघाली. कुठे जायचं हे तिला कुणी सांगायला नको होतं.

फाटक उघडं होतं. रित्सु-सान कुठे दिसल्या नाहीत. मागच्या स्वयंपाकघरात हात्सुनो मातीच्या जमिनीवर गुडघे टेकून बसली होती. उजवा हात खांद्यापर्यंत रांजणात, गाल काठाला टेकलेला, डोळे अर्धवट मिटलेले. ओठांच्या कोपऱ्यात कोंडा वाळला होता.

"आलीस?" ती म्हणाली. "हळू बोल."

"उठा. घरी चला."

"बोट बरं झालं गं माझं. म्हटलं, जाऊन बघावं..." तिचा आवाज झोपेतला होता. "अठरा वर्षं झाली कारखाना बंद पडून. या हातांना कुणी विचारलं नाही. इथे बघ... धरून ठेवलाय. सोडतच नाही."

सुमिएने मागून हात्सुनोच्या काखेत हात घातले आणि पाय रांजणाला लावून जीव खाऊन ओढलं. आधी काहीच हललं नाही. मग चिखलातून बूट निघावा तसा चोखल्यासारखा आवाज आला आणि दोघी मागे पडल्या.

हात्सुनोचा हात कोपरापासून खाली पांढरा पडला होता. मुरलेल्या सलगमासारखा अर्धपारदर्शक, मऊ. सुमिएने धरला तिथे तिच्या बोटांचे खळगे पडले आणि भरून आले नाहीत. पाचही बोटांना नखं नव्हती. रक्त नव्हतं, जखमही नव्हती, नुसती गुलाबी, गुळगुळीत जागा.

झाकण सरकवायला सुमिए वाकली तेव्हा कोंड्यावर एक बुडबुडा फुगत होता. फुटायची वाट न बघता तिने झाकण लावलं, त्यावर लोणचं दाबायचा दगड ठेवला आणि हात्सुनोला पाठीवर घेऊन ती बाहेर पडली.

कोपऱ्यावर टोफूवाला दार लावत होता. रित्सु-सानबद्दल विचारल्यावर तो म्हणाला, "त्या? सोमवारीच गेल्या, मुलीकडे. टॅक्सीपर्यंत पोचवायला जात होतो, तर म्हणाल्या, नको. दोन हातांत दोन जड बॅगा घेऊन झपाझप चालत गेल्या."

डॉक्टरांना काही कळलं नाही. फार वेळ ओल्यात राहिल्याने असं होतं, नखं परत येतील, असं ते म्हणाले. मुख्य मठाकडून माणसं आली, त्यांनी रांजण वाळूने बुजवला, फाटकाला कुलूप घातलं. हात्सुनोला सुमिएने आपल्याच घरी ठेवून घेतलं. हिवाळाभर ती भात, मासा आणि सुमिएची बोलणी खात राहिली. हाताला हळूहळू रंग आला. मार्चपर्यंत तिची जीभही पहिल्यासारखी चालायला लागली आणि पाचही नखं उगवली.

एका दुपारी उन्हात बसून सुमिए तिची नखं कापायला घेत होती. चष्मा लावला आणि तिचा हात थांबला. मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या नखांना कडेला बारीक दाते होते, करवतीला असतात तसे, एकसारखे. पूर्वी निशिजिनमध्ये नखांनी विणणाऱ्या बाया होत्या. कानशीने नखांना दाते पाडायच्या आणि त्या दात्यांनी मागावरचं रेशीम ओढून बसवायच्या. हात्सुनोने ते काम जन्मात केलं नव्हतं. तिचा माग विजेचा होता. रांजण ढवळलेल्या कुणीतरी मात्र ते केलं असणार.

"हे कधी पाडले?"

"मी? मी कशाला पाडू? तसंच येतंय ते."

सुमिएने मुळाशी निरखून पाहिलं. मांसातून वर येणारं नवं नखही दातेरीच होतं. एका दात्यात, कातडीच्या आतून आलेला, लाल रेशमाचा तंतू अडकला होता. तिने तो चिमट्यात धरून ओढला. तुटेना. वीतभर आला, मग हातभर, ओलसर, आंबूस वासाचा... आणि मग ताणला गेला.

"हळू ओढ गं," हात्सुनो अगदी सहज म्हणाली. "पलीकडून पण कुणीतरी धरलंय."