लढाईच्या बागेतला निंब

बसऱ्याच्या लढाईत गेलेल्यांची आठवण म्हणून सरकारनं गोंदियाला बाग केली. दर माणसामागं निंबाचं एक रोप आणि त्यावर नावाची पाटी. जवळच्या मुर्री गावची अनुसया आपल्या नवऱ्याच्या, उमरावच्या झाडाला रोज घागरभर पाणी घाली. त्याचा देहही घरी आला नव्हता, बोलायचं कुणाशी? "पानी पिऊन घे जी," म्हणे, आणि दिवसभराचं सगळं झाडाला सांगे.

आज सेवकरामशी तिचा पाट लागणार होता. पहिल्या नवऱ्याला न विचारता विधवेनं दुसरं लग्न केलं तर तो नव्याला जगू देत नाही, असं सगळेच मानत. सेवकराम भला माणूस. त्याच्या जिवाला काही होऊ नये, एवढंच तिला हवं होतं. सूर्य कलता कलता तिनं जुन्या बांगड्या दगडावर फोडल्या आणि तुकडे निंबाच्या मुळाशी पुरले.

"आता मले मोकळी कर जी..."

वर पाणी ओतलं. कुणी तहानेल्यानं प्यावं तसं ते घटाघट आत गेलं. तिला बरं वाटलं.

फाटकाशी केवलराम माळी उभा होता.

"काय पुरलंस बाई तिथं?"

"माह्या बांगड्या. उमरावची इजाजत घेतली."

त्याच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. "अवो, उमरावचं झाड तर पहिल्याच उन्हाळ्यात मेलं... तू रडशील म्हनून त्याची पाटी मी बाजूच्या, पाटी गळून पडलेल्या निंबाले ठोकली."

"मंग हे कोनाचं?"

"कोनाले मालूम? त्याच्या घरचं कोनी कधी आलंच नाही..."

इतकी वर्षं ती कुणा परक्याशी बोलत होती! धावत जाऊन तिनं माती उकरली. काचेचा एक तुकडाही नव्हता.

दिवेलागणीला पाट लागला. पाहुणे गेले. इतक्यात दाराबाहेर कुणीतरी खोल आवाजात म्हणालं, "पाणी..."

"नोका उघडू..." अनुसया कशीबशी पुटपुटली.

"तहानेल्याले पानी नाही द्याचं का?" सेवकराम हसला आणि भरला लोटा घेऊन बाहेर गेला.

बराच वेळ तो परत आला नाही. ओल्या मातीचा वास तेवढा आत आला. ती दाराशी गेली. उंबऱ्यावर तिच्या जुन्या बांगड्या होत्या, सगळ्या अख्ख्या.

सेवकराम अंधारातून आत आला. रिकामा लोटा त्यानं खाली ठेवला, तिच्याजवळ बसला, आणि कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाला,

"आज दिवसभराचं काही सांगितलं नाहीस..."