हजारावी पाटी

विश्वास बसला नाही तर राहू द्या, पण हे घडलेलं आहे. धरमतरच्या खाडीकाठचं मिठागर, अठ्ठावन्न सालचा उन्हाळा, दिवे लागायची वेळ.

काठाला लागलेल्या मचव्यात, म्हणजे मालाच्या गलबतात, मीठ भरणं चालू होतं. बायका डोक्यावर पाटी घेऊन फळीवरून मचव्यावर जायच्या. फळीच्या तोंडाशी मालकाने मोजणीचं नवं यंत्र बसवलं होतं. बाईने लोखंडी दांडा ढकलला की खट्... आकडा एकाने पुढे.

पण यंत्राला चाकं तीनच. नऊशे नव्व्याण्णवला त्याची अक्कल संपायची आणि तीन शून्यं यायची. शून्यं आली की मुकादम बुधाजीने मडक्यात एक शिंपला टाकायचा. तो झाला हजार. मडकं भरलं तर दुसरं. शिंपल्यांना कुठे तोटा होता?

बुधाजीचा यंत्रावर भरवसा नव्हता. कारकून मोरूवर तर मुळीच नव्हता.

त्या संध्याकाळी खट् वाजलं... आणि दांड्याशी कुणीच नव्हतं.

मोरूच मागून चाक फिरवतोय, असं वाटून बुधाजी यंत्रामागे गेला. तिथे ओला चिखल होता. पाऊल एकही नव्हतं.

खट्...

परत येऊन बघतो तर तीन शून्यं. त्याची बायको सत्यवती ती हजारावी पाटी घेऊन फळीवर गेलेली. संशयाच्या नादात शिंपला टाकायचा राहिला.

सत्यवती रिकामी पाटी घेऊन परतली. पाटी भरून पुन्हा आली, दांडा ढकलला.

आवाज आला नाही.

बाकीच्या बायकांना खट्. तिला नाही.

"गंजलाय दांडा," मोरू म्हणाला.

घरी तिने पोरांना भाकऱ्या केल्या. पीठ थापल्याचाही आवाज नव्हता... बुधाजीने ताट बाजूला सारलं. ही आपली बायको नव्हे, असं त्याच्या मनाने घेतलं.

मचवा अजून भरायचा होता. दुसऱ्या संध्याकाळी बुधाजी मोरूला म्हणाला, "कालचा एक शिंपला ऱ्हायलाय. टाकू?"

"टाका की."

त्याने टाकला.

खट्... दांडा आपोआप फिरला.

मचव्याकडून फळीवर सत्यवती येत होती. ओठ मिठाने फुटलेले.

"आवो, कालपासून हाका मारते. आयकू न्हाय आलं?"

बुधाजीने मागे पाहिलं. बांधावर सत्यवती पाटी भरत बसली होती. तिनेही दोघांकडे पाहिलं.

बुधाजीने फळीवरचीचा हात धरला आणि तिला घरी घेऊन निघाला. बांधावरची अडवायला आली नाही. रडलीही नाही.

एवढंच म्हणाली, "पोरांना संबाळा."

सकाळी बांधावर कुणी नव्हतं. नेलेली सत्यवती पुढे कितीतरी वर्षं नांदली. तरी बुधाजी मरेपर्यंत एकच विचारायचा... भूत असं कशाला म्हणेल?