एकतिसावा जोड

बूट कुठे काढलेस? पायरीवर, डाव्या हाताला? मग जा आणि उचलून उजवीकडे ठेव. डावीकडची जागा एकीची आहे. कुणाची ते सांगते, पण तोवर हा लसूण सोलायला घे. या खोलीत रिकाम्या हातांनी बसलेलं कुणाला खपत नाही.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट आहे. अशीच लसणाची टोपली घेऊन मी दुपारी इथे आले होते. गावात म्हाताऱ्यांसाठी ही एकच खोली. हिची जमीन खालून तापते, म्हणून थंडी पडली की आम्ही सातही जणी आपापल्या घरांना कड्या घालून इथे पाय पसरतो. त्या दिवशी मात्र सगळ्या केस विंचरून आल्या होत्या. टीव्हीवर ‘तिसरा बाक’ सुरू होणार होता ना! मालिका लागायची रात्री, पण रात्री आमचे डोळे मिटतात. म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी चारला पुन्हा दाखवायचे तेव्हा बघायचो.

एवढा नटवेपणा कशाला, तर मालिका आमच्याच गावात काढलेली. आमच्या शाळेत पोरं उरली नाहीत म्हणून बारा वर्षांपूर्वी तिला कुलूप लागलं. शरद ऋतूत मालिकावाले आले, कुलूप काढलं आणि सहा दिवस तिथे ठाण मांडून बसले. तीस माणसं होती आणि दुपारचं जेवण आमच्याकडे. एवढ्यांना वाढायचं तर डोकी कोण मोजणार? आमची रीत सोपी. पायरीवरचे, आमचे सोडून, जोड मोजायचे आणि तितके वाडगे भात काढायचा.

पहिल्याच दिवशी जोड भरले एकतीस.

"तीसच आहोत आम्ही," त्यांचा माणूस म्हणाला.

"तुला मोजता येत नाही," वांदोवाली म्हणाली, "म्हणून तुला कॅमेरा नाही, दोऱ्या धरायला ठेवलाय."

वांदोवाली म्हणजे वांदो बेटावरून सून म्हणून आलेली. आमच्याकडे बाईला माहेराच्या नावानेच हाक मारतात, आणि हिची जीभ माहेराहून धार लावूनच आलेली. आम्ही एकतीस वाडगे काढले. एकतीसही रिकामे होऊन परत आले. सहाही दिवस तसंच झालं. एकतिसावा जोड डावीकडे, सगळ्यांपासून जरा लांब असायचा. शाळेतल्या पोरी घालतात तसे पांढरे कापडी बूट, टाचेला लाल दोऱ्याचा टाका. मालिकेत वर्गात बसवलेली पोरं डबा आणायची; आम्हाला वाटलं, त्यांतलीच एखादी जेवायला येत असेल. एकच गोष्ट मनाला खटकायची. पाऊस नव्हता, तरी ते बूट रोज ओले असायचे आणि त्यांना ओहोटीच्या चिखलाचा वास यायचा.

असो. मालिका लागली. तुला गोष्ट ठाऊक असेलच. दोयुन नावाचा पंधरा वर्षांचा पोरगा असतो. वर्गातला एक मुलगा गच्चीवरून पडतो आणि सगळे म्हणतात यानेच ढकलला. पोरगा बोलत नाही, जेवत नाही, नुसता भिंतीकडे बघतो. त्याची सख्खी आईसुद्धा म्हणते, खरं बोल.

"यानेच केलंय," वांदोवाली म्हणाली. "कान बघा त्याचे. गुन्हेगाराचे कान."

"तुझ्या नवऱ्याचे कान असेच होते."

"मग? मी काय वेगळं सांगतेय!"

हसता हसता लसणाच्या पाकळ्या सांडल्या. मुआनच्या थोरल्या तेवढ्या हसल्या नाहीत. त्या शहाऐंशीच्या, आमच्यात सगळ्यांत वडील. गुडघा दुखतो म्हणून नेहमी दाराजवळ, भिंतीला टेकून बसत. मालिकावाले आले तेव्हा त्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मोक्पोच्या दवाखान्यात होत्या. प्रत्येक भागाला त्यांचं एकच वाक्य असायचं. पडद्यावरच्या आईला म्हणायच्या, "आधी जेवू घाल गं त्याला. विचारायचं ते मागाहून विचार."

पहिल्या भागात वांदोवालीची पाठ दिसली. खास केस रंगवून गेली होती बिचारी, आणि दाखवली पाठ! तीन महिने तिने त्या पाठीची जाहिरात केली.

दुसऱ्या भागाच्या दिवशी आमचा सरपंच कांग मोबाईल नाचवत आला. मी अक्षर शिकले नाही, तेव्हा लोक काय लिहितात ते तोच वाचून दाखवायचा. निम्मा देश म्हणत होता पोरगा निर्दोष आहे, निम्मा म्हणत होता आईला आत टाका. कुणी एका बाईने लिहिलं होतं, मालिका बघून उठले आणि मुलाच्या खोलीचं दार वाजवलं, वर्षभरात पहिल्यांदा.

"आणि हे बघा," सरपंच म्हणाला, "सगळे एकच विचारतायत. शेवटच्या रांगेत खिडकीशी बसलेली ती मुलगी कोण? जुन्या काळचा काळा गणवेश, पांढरी कॉलर. मालिकावाले म्हणतात, वर्गात बावीस मुलं बसवली होती. ही तेविसावी… आमच्या यादीत नाही."

चार वाजले. हिवाळ्यात चारलाच खोलीत काळोख साचायला लागतो, आणि त्या दिवशी दिवा लावायला कुणी उठलं नाही. वर्गाचा प्रसंग आला. सगळी पोरं इन्स्पेक्टरकडे बघत होती, आणि मागे ती… ती आमच्याकडे बघत होती. केस ओले, कपाळाला चिकटलेले.

आमच्यातल्या चार-पाच जणींनी तिला ओळखलं. खोटं कशाला बोलू, मीही ओळखलं. थोरल्यांना दाराजवळून तिचा चेहरा दिसला नसावा, म्हणून तोंड उघडेना. उघडलं ते भलत्याच वेळी. मी म्हणून गेले, "लाल टाक्याच्या बुटांची ती हीच असणार. एकतिसावा जोड…"

मुआनच्या थोरल्यांच्या हातातली सुरी खाली पडली.

"कसला टाका?" त्यांनी विचारलं. "टाचेला?… उलटा टाका?"

"हो, उलटाच."

"तो मी घातलाय," त्या म्हणाल्या. "शाळेच्या फळीवर बूट बदलले जायचे म्हणून."

युनसिम त्यांची थोरली मुलगी. चौदा वर्षांची होती, पन्नास-बावन्न वर्षांपूर्वी. मास्तरांचं पेन हरवलं आणि आळ हिच्यावर आला. पोर म्हणत होती, मी नाही घेतलं. आईने दारात उभं केलं आणि सांगितलं, "खरं बोलेपर्यंत उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही आणि अन्नाला शिवायचं नाही." पोर संध्याकाळपर्यंत पायरीवर उभी होती. मग नव्हती. ओहोटी होती, चिखलातून ती दूर चालत गेली आणि मग भरती आली… महिन्याभराने पेन सापडलं, मास्तरांच्याच कोटाच्या अस्तरात. आणि लग्नाआधी गेलेल्या लेकराचं पान मांडत नाहीत आमच्यात. इतक्या वर्षांत त्या पोरीच्या नावाने कुणी घासभर भातही ठेवला नव्हता.

शेवटी वांदोवालीच हळूच म्हणाली, "थोरल्या… जागा बदलून बघा."

थोरल्या उठल्या, खिडकीखाली जाऊन बसल्या. पडद्यावरच्या मुलीचे डोळे सावकाश, अगदी सावकाश आमच्या खिडकीकडे वळले.

त्या दिवशी वांदोवालीने टीव्हीकडे पाठ केली नाही. उलट्या पावलांनी दार गाठलं आणि बाहेर जाऊन मगच किंचाळली. आम्हाला भीतीतही हसू आलं.

त्यानंतर दर भागाला ती दिसायची. आईकडे बघायची, पण इथे पायरीवर तिचे बूट येत नसत. थोरल्या म्हणाल्या, "मी दवाखान्यात होते तेव्हाच आली ती जेवायला. मी असताना कशी येईल? मीच मना केलंय. आणि शेवटचा भाग झाला की मला ती दिसणार तरी कुठे?"

मालिका आठच भागांची. तेव्हा आठव्या भागाला आम्ही ठरवलं, रीत गेली खड्ड्यात. थोरल्यांनी पहाटेच समुद्री शेवाळाचं सार केलं, वाढदिवसाला करतात तसं. रताळी उकडली. टीव्हीसमोर सगळ्यांत गरम जागी चौरंग मांडला, भाताने शिगोशीग भरलेला वाडगा ठेवला, आणि चारच्या ठोक्याला दार सताड उघडलं. वारा असा आला की दात वाजायला लागले.

पडद्यावर दोयुनची आई पोरापुढे जेवण सरकवत होती. सरपंचाने आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं, पोरगा निर्दोष निघतो, देश रडतोय. आमचं तिकडे लक्ष कुठे? थोरल्या दाराकडे तोंड करून बसल्या होत्या.

"युनसिम," त्या म्हणाल्या. "आत ये गं. जेवून घे… पेनाचं मी विचारत नाही. घेतलं असतंस तरी ये. उंबरा तुझाच आहे."

वर्गाचा शेवटचा प्रसंग आला. खिडकीशी शेवटच्या रांगेत नुसता बाक होता.

"गेली!" वांदोवाली पुटपुटली.

मागे पायरीवर काहीतरी टेकलं, चप… चप, दोनदा. आम्ही बाकी सहाही जणी टीव्हीवरची नावं वाचत बसलो, आणि आमच्यातल्या चौघींना तर वाचताच येत नाही! चिखलाचा वास पाठीवरून पुढे गेला. थोरल्यांचं तोंड दाराकडे होतं, त्यांनी काय पाहिलं ते कधी सांगितलं नाही. फक्त हसल्या, लेक माहेरी आल्यावर आई हसते तशा.

नावं संपली तेव्हा वाडगा चाटूनपुसून स्वच्छ होता. चमचा ओला.

"कुणी खाल्लं गं?" वांदोवालीने सवयीने दरडावलं, आणि मग तीच म्हणाली, "पुढच्या वेळी किमचीचं तिखट लोणचं जास्त ठेवा. पोरीला सार अळणी लागलं असेल."

तेव्हापासून आम्ही सात आणि भात आठ जणींचा. थोरल्या आता दोन वेळा नीट जेवतात, पत्त्यांत लबाडी करतात, त्यांच्याकडे बघून पंच्याहत्तरी वाटते. त्यांचा मुलगा त्यांना सोल शहरात न्यायला आला होता, त्याला म्हणाल्या, घरात पोर शाळेची आहे, मी कशी येऊ? बिचारा घाबरून मोसंबीची पेटी ठेवून गेला.

एकच आहे. वसंतात त्या बुटांची टाच मोडलेली दिसली, पाय मावेना म्हणून तुडवतात तशी. थोरल्यांनी बाजारातून दोनशे चाळीस नंबरचा नवा जोड आणला, टाका घातला; आमच्याकडे नंबर म्हणजे पावलाची लांबी मिलिमीटरात. पावसाळ्यात त्याचीही टाच मोडली. मग दोनशे साठ आणला. परवा वांदोवाली दुकानात दोनशे नव्वद मागत होती, दुकानदार म्हणाला, आजी, एवढा पाय बाईचा नसतो.

थोरल्या म्हणतात, असू दे. इतक्या वर्षांची भूक आहे, वाढतं वय आहे.

जाताना वर बघ. दाराच्या चौकटीवर, अगदी माथ्याला, तो ओला डाग आहे ना? सरपंच म्हणतो गळतंय. छप्पर सिमेंटचं आहे आणि महिनाभर पाऊस नाही. पुसला की दुसऱ्या दिवशी पुन्हा असतो, त्यात एखादा लांब केस चिकटलेला.

आत येताना तिचं डोकं लागायला लागलंय.