बाईंना घाबरवणारं पुस्तक

ही माझ्या सख्ख्या मामाची गोष्ट आहे. शेवटचा भाग तर मी स्वतः तिथे बसून ऐकलाय. त्यामुळे ज्यांना थाप वाटेल त्यांनी खुशाल हसावं.

आणि हो, मध्यरात्र, वादळ, ओसाड बंगला असलं यात काही नाही. शनिवारची दुपार होती. तीन वाजून पाच मिनिटं.

मामाचं वाचनालय म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत टेबल आणि वाचकांच्या कार्डांचा खोका. मागच्या खोलीत भयकथांची कपाटं. मधे नुसता पडदा.

"खरंच घाबरवणारी कादंबरी द्या," असं कुणी म्हटलं की मामा हातातलं काम टाकून उठायचा. आधी गोडीगुलाबीनं विचारायचा, "तुम्हाला भीती कशाची वाटते हो?"

कुणी म्हणायचं उंदरांची. कुणी म्हणायचं लिफ्टची. मामा ते पेन्सिलीनं कार्डाच्या मागे टिपून ठेवायचा आणि नेमकं त्याच भीतीचं पुस्तक काढून द्यायचा. लिफ्टला भिणारा गृहस्थ महिनाभर सहा मजले चढत होता. मामा हे सगळ्यांना हसून सांगायचा. दुसऱ्याची झोप उडाली की याला गाढ झोप लागायची!

फक्त गणिताच्या बाई त्याला दाद देत नव्हत्या.

बाई निवृत्त, एकट्या, ताठ. दर गुरुवारी पुस्तक टेबलावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "यात काय घाबरायचं?"

जुने वाचक पुस्तक संपलं की एखाद्या ठरलेल्या पानावर बारीक खूण करतात, म्हणजे तेच पुस्तक चुकून पुन्हा घरी जात नाही. बाईंची खूण एकोणपन्नासाव्या पानावर असायची. इवलासा त्रिकोण.

असे अकरा त्रिकोण झाले. मामाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"बाई, तुम्हाला भीती तरी कशाची वाटते?"

"कशाचीच नाही."

मग मामानं बाईंच्या शेजारणीला बोलतं केलं. लहानपणी स्टेशनच्या गर्दीत बाईंच्या हातातून धाकट्या बहिणीचा हात सुटला होता. ती बहीण पुन्हा कधीच सापडली नाही.

मामाकडे तसं एक पुस्तक होतंच. त्यात हरवलेली बहीण परत येते. दारात उभी राहते आणि एकच विचारते, हात का सोडलास?

ते पुस्तक त्यानं स्वतःच्या हातानं बाईंना दिलं.

बाई चौथ्याच दिवशी आल्या. पुस्तक त्यांनी टेबलावर पालथं ठेवलं.

"हे तुम्ही मुद्दाम दिलंत ना?"

मामा हसला. "घाबरलात की नाही तेवढं सांगा!"

बाई दुसरं पुस्तक न घेताच गेल्या.

पंधरा दिवसांनी त्या वारल्या. शेजारीण म्हणाली, शेवटी शेवटी दार लावूच द्यायच्या नाहीत. दाराकडे तोंड करून खुर्चीत बसून असायच्या.

मामाला वाईट वाटलं. एक दिवस. दुसऱ्या दिवसापासून तो वाचकांना सांगायला लागला, "या कादंबरीनं एका बाईंचा जीव घेतलाय. नेता का?"

त्या पुस्तकासाठी लोक नंबर लावायला लागले.

पुढच्या महिन्यात नव्या पुस्तकांचं पार्सल आलं. मामानं सुतळी कापली. वरची भयकथा सहज चाळली. पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती.

आणि एकोणपन्नासाव्या पानावर...

त्रिकोण.

दुसऱ्या पुस्तकात तोच. तिसऱ्यातही.

मग रोज सकाळी कुलूप उघडलं की टेबलावर एक पुस्तक ठेवलेलं दिसायचं. आज सापांचं. उद्या जिवंत पुरलेल्या माणसाचं. परवा आगीचं. प्रत्येकात ती खूण.

मामाला कळायला वेळ लागला नाही. बाई त्याला पुस्तकं सुचवत होत्या. त्याची भीती शोधत होत्या.

शहाणा माणूस तिथेच हात जोडून मोकळा झाला असता. मामा पडद्याकडे बघून मोठ्यानं म्हणायचा, "यात काय घाबरायचं, बाई?"

मामी वैतागायची. "गेलेल्या माणसाची कसली थट्टा करता? तुम्ही कशालाच भीत नाही का हो?"

तेव्हा टिकली टेबलापाशी गृहपाठ करत होती. टिकली म्हणजे मामाची मुलगी, आठ वर्षांची. तिला दमा होता. मामा बोलत कुणाशीही असो, त्याचा एक कान कायम तिच्या श्वासाकडे असायचा.

टिकलीच्या केसांवरून हात फिरवत तो हळूच म्हणाला, "हिनं हाक मारावी आणि मला ऐकू येऊ नये... एवढीच भीती आहे बघ मला."

पडद्यामागे काहीतरी पडलं.

पेन्सिल होती.

दुसऱ्या दिवशी टेबलावर पुस्तक नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नव्हतं. मामा म्हणाला, बाई दमल्या.

मंगळवारी दुपारी मागच्या खोलीतून...

"बाबा..."

धाप लागलेला आवाज. मामा खुर्ची पाडून धावला. मागे कुणीच नव्हतं. त्यानं शाळेत फोन लावला. टिकली वर्गात होती.

बुधवारी तीनदा हाक आली. गुरुवारी किती वेळा, ते त्यानं मोजणं सोडलं. शेजारी बसलेल्या मामीला काहीच ऐकू येत नव्हतं. डॉक्टरांनी कान तपासले. कान उत्तम होते!

तो दर वेळी धावायचा आणि दर वेळी मागची खोली रिकामी असायची. वाचक एकमेकांकडे बघून हसायचे. दुसऱ्या आठवड्यात मामा अर्ध्यातून परत फिरायला लागला. तिसऱ्या आठवड्यात उठेनासा झाला. माणूस किती धावणार?

मग तो शनिवार आला.

शाळा चारला सुटायची. त्या दिवशी तीनलाच सुटली. टिकली मागच्या दारानं आत आली. मामाला याचा पत्ता नव्हता.

त्याच वेळी पुढे कोपऱ्यावरचा शिंपी आला. "खरंच टरकवणारं काहीतरी द्या बुवा."

कितीतरी दिवसांनी मामा खुलला. एका कादंबरीचं वर्णन करायला लागला.

"बाबा..."

मामानं आवाज थोडा चढवला. दुसरी कादंबरी सांगायला घेतली.

"बाबा..."

"ही तर एकट्यानं वाचूच नका," मामा म्हणाला.

"बा..."

शिंप्यानं मान वळवून पडद्याकडे पाहिलं.

मामाच्या हातातून कादंबरी निसटली. "तुम्हाला... तुम्हाला ऐकू येतंय?"

"म्हणजे काय? तुमची मुलगी केव्हाची हाक मारतेय. मला वाटलं, तुम्हाला सवय असेल."

टिकली दोन कपाटांच्या मधे पडली होती. दम्याचा पंप दप्तरात होता. दप्तराची चेन अर्धीच उघडली होती.

डॉक्टर म्हणाले, पाच मिनिटं आधी आणायला हवं होतं.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. भयकथा सगळ्या रद्दीत गेल्या. मामा दुपारभर मागच्या खोलीत फरशीवर बसून असतो. त्या दिवसापासून त्याला एकही हाक आलेली नाही.

"खोटी तर खोटी, बाई," तो भिंतीकडे बघून म्हणतो. "पण एकदा ऐकवा."

मागच्या महिन्यात मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. मामी पुढे कार्डं लावत होती. पडदा बाजूला सारलेला होता. तीन वाजून गेले होते.

आणि मग...

"बाबा..."

मामाच्या अगदी खांद्याजवळून. मधे श्वास ओढल्याचा आवाज. पुन्हा, "बाबा..."

मी मामाकडे पाहिलं. तो कानामागे हात धरून बसला होता. चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती.

पुढच्या खोलीत मामीचे हात थांबले होते. तिनं माझ्याकडे बघून मान हलवली. सांगू नकोस.

"काही ऐकलंस का रे?" मामानं विचारलं.

"नाही, मामा."

निघताना मामी दारापर्यंत आली. म्हणाली, "मला रोज ऐकू येतं. त्यांनाच येत नाही. सांगितलं तर जीव देतील."

मी पुन्हा तिकडे गेलो नाही. ती हाक बाई मारतात की टिकली, मला ठाऊक नाही. बाई असतील तर त्यांचं काम झालंय, त्यांनी आता थांबावं.

टिकली असेल तर मात्र... मी तिथे तासभर बसलो होतो. ती सारखी हाक मारत होती आणि आमच्यातल्या एकानंही तिला ओ दिली नाही.