वाळवीने खाल्लेला नवरदेव

त्यांची पहिली भेट झाली ती तराजूपाशी. रद्दीच्या दुकानात एका पारड्यात वजनं होती, दुसऱ्यात कुणा अनोळखी घराचा अल्बम, आणि तिने तो सरळ उचलला.

“नातेवाईक का तुमचे?” रद्दीवाल्याने विचारलं.

“नाहीत. म्हणून काय लगदा करायचा त्यांचा?”

तेव्हापासून रद्दीत जुने फोटो हाती लागले की तो ते तिच्या फोटोच्या दुकानात आणून देई. ती ते पुसून, सांधून जपून ठेवी. वडिलांनी शिकवलेला नियम एकच होता: फोटोत जे उरलं नाही, ते आपल्या मनाने भरायचं नाही.

आज मात्र तो रिकाम्या हातांनी आला.

“माझा एक फोटो काढा. बरा दिसेन असा.”

“प्रयत्न करते. कशाला हवाय?”

“मुलीकडे पाठवायचाय… आई हात धुऊन मागे लागलीय.”

कॅमेरा आणायच्या निमित्ताने ती आत गेली, ती लवकर बाहेर आलीच नाही.

तो टेबलाला टेकला. त्यानेच आणलेला लग्नाचा फोटो तिथे होता. नवरदेवाचं तोंड वाळवीने साफ खाल्लेलं. शेजारी त्याची नवी प्रत होती आणि तीत ब्रशने भरलेला चेहरा. त्याने ती उचलून उजेडात धरली.

ती आल्यावर तो कसाबसा म्हणाला, “हा… हा मी आहे.”

“काहीतरीच. तो कुणीतरी—” तिने वाकून पाहिलं. त्याच जाड भुवया, डाव्या गालावर तीच खळी. आठ दिवस ब्रश चालवला, पण आपण कुणाला काढतोय हे तिचं तिलाच कळलं नव्हतं. नियम मोडला तो मोडलाच, वर मनातली चोरीही पकडली गेली.

“पुसते,” ती पुटपुटली. लाजेने तिची मान वर होईना.

“ही नवरी कोण?”

“काय माहीत. तिचा चेहरा शाबूत होता.”

“मग परक्या बाईशेजारी मला कशाला बसवलंत? पुसाच.” त्याने ओला कापूस तिच्यापुढे धरला. “आईला नाही म्हणायला कारण सापडत नव्हतं. सापडलं.”

तो स्टुलावर बसला आणि दुसरं स्टूल शेजारी ओढलं.

“दोघांचा येतो ना काढता?”

तिने टायमर लावला आणि धावत येऊन बसली. फोटो हललेला आला. तिने तो दुरुस्त केला नाही.