दक्षिणेकडे पाय

पेटी उन्हात होती.

चौथ्या प्रहरी सगळे तळावर परतले, तर तांबड्या खडकाच्या भलत्याच बाजूला ती उभी. गोणपाट पापडासारखं कडक, आतलं लोणी वितळून खाली ओघळलेलं. त्या लोण्यात माधव कर्णिकच्या इन्सुलिनच्या बाटल्या. हाताला चहाच्या कपासारख्या गरम.

१९८२ चा एप्रिल. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेची ही घळ. इथलं ऊन असं की सरडे एकमेकांच्या सावलीसाठी भांडतात. वाटाड्या मानवेल हे शपथेवर सांगायचा. तो मूळचा वसईचा. चार दिवसांच्या या पायी सफरीवर माणसांना नेणं, पाणी सांभाळणं, जाळीची पेटी ओल्या गोणपाटात गुंडाळून वाऱ्यावर गार ठेवणं, ही त्याची कामं.

"तू औषध उन्हात ठेवलंस," माधव म्हणाला.

"मी सकाळी सावलीत ठेवली होती, साहेब."

"मग तिला पाय फुटले?"

रेडिओवरून निरोप गेला होता. रेंजरची गाडी पहाटेपर्यंत नवी बाटली आणणार होती. तोवर माधवने भाताकडे पाहायचंही नव्हतं. धोका टळला होता, राग नव्हता. सूर्य मावळताना कंपनीचा रेडिओ पुन्हा बोलायचा होता, तेव्हा तो तक्रार सांगणार होता. कंपनीचा नियम साधा होता: आजाऱ्याचं औषध बिघडलं, की वाटाड्या घरी.

जोसेफिन लोपीस पेटीशी उकिडवी बसली. मेलबर्नमध्ये ती खाजगी तपासाचं काम करायची. इथे सुट्टीवर आली होती. तिचा मित्र चारुदत्त, पेशाने दंतवैद्य, टकलाला ओला रुमाल लावून मागे उभा होता.

"सूर्य मावळायला वेळ आहे," ती म्हणाली. "माधव, तोवर मला विचारू दे."

"विचार. पण माणूस तोच आहे."

तिने पेटीच्या पायांकडे बोट केलं. चारही पाय पाण्याच्या डब्यांत होते. मुंग्या चढू नयेत म्हणून.

"चारू, काय दिसतं?"

"डबे."

"पाणी?"

"अर्धं-अर्धं आहे. दिवसभर उन्हात राहूनही."

"हं," जोसेफिन म्हणाली, आणि मानवेलकडे वळली.

"विस्तव विझवून मी सर्वांत शेवटी निघालो," मानवेल म्हणाला. "पेटी खडकाच्या दक्षिणेला होती. गोणपाट भिजवलं. मग वाटेवरून दोघी परत गेल्या. सुनीतीताई टोपीला, श्यामलामावशी शालीला."

माधवची बायको सुनीती खडकाच्या उत्तरेकडच्या फांदीवरून वाळलेले मोजे काढत होती.

"मला कॅम्पिंग आवडत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे," ती म्हणाली. "पण नवऱ्याला मारून ट्रिप कॅन्सल करण्याइतकं नाही. टोपी घेतली, निघाले. आई मागे होती."

"मोजे इकडेच का टाकलेस?"

"अगं, दिवसभर ऊन इकडेच. बारा वर्षं या देशात कपडे वाळवतेय."

सुनीतीची आई श्यामलाबाई पुण्याहून येऊन आठवडाच झाला होता. त्या आपल्या पथारीवर बसून शालीची टोकं चुरगळत होत्या.

"शाल घ्यायला आले, घेतली, गेले," त्या म्हणाल्या. "मला काय कळतंय इथलं?"

"परतताना सगळ्यांच्या पुढे चालत होता तुम्ही."

"तहान लागली होती."

"बाटली तर भरलेली दिसतेय, मावशी."

त्यांनी बाटली शालीखाली सरकवली.

"काल पथारी टाकताना तुम्ही मानवेलला काहीतरी विचारलंत."

मानवेलच म्हणाला, "दक्षिण कुठली ते. मी चार ताऱ्यांचा क्रूस दाखवला."

"दक्षिणेकडे पाय करून झोपू नये," श्यामलाबाई हळूच म्हणाल्या. "यमाची दिशा."

जोसेफिन चारुदत्तजवळ आली. "तुझं डोकं कुठं भाजलं?"

"दुपारी, जेवताना. मावशी म्हणाल्या, झाडाच्या उत्तरेच्या अंगाला बसा, आत्ता सावली येईल. आली नाही. म्हाताऱ्या माणसाला एकटं सोडून कसं उठायचं?"

"म्हणजे माझा पुरावा तुझ्या टकलावर आहे."

सूर्य कड्याला टेकला होता. माधव रेडिओजवळ गेला.

"थांब," जोसेफिन म्हणाली. "औषध बिघडवायचं असतं, तर बाटल्या उन्हात फेकून मोकळं होता आलं असतं. इथं कुणीतरी अख्खी पेटी उचलली, डबे पुन्हा पायांखाली लावले, पाण्याने काठोकाठ भरले. उन्हात निम्मं उडून गेलं, तरी निम्मं उरलं. मुंग्यांपासून जपणारा माणूस वैरी नसतो. त्याला वाटलं, आपण पेटी सावलीत नेतोय."

"सावली तर पलीकडे होती."

"इथं. पुण्यात दक्षिणेच्या ओसरीवर ऊन येतं आणि उत्तरेची भिंत गार राहते. या मुलखात सूर्य उत्तरेकडून जातो. सुनीतीला हे मोज्यांमुळे कळतं, मानवेलला धंद्यामुळे. दिशा विचारून घेतलेलं आणि तरी उलटं समजलेलं माणूस तळावर एकच. दुपारी झाडाखाली सावली आली नाही तेव्हा त्यांना चूक कळली, म्हणून पाय उचलले."

कुणीही श्यामलाबाईंकडे पाहिलं नाही. हेच जास्त जड झालं.

"माधवराव," श्यामलाबाई म्हणाल्या, "तुम्ही म्हणाला होता, आई, इथं कशाला हात लावू नका. जावयाचं औषध... दक्षिणेच्या उन्हात कसं राहू द्यायचं? मग तुम्ही चिडलात. तोंडच उघडेना. या पोराची भाकरी जात होती, आणि मी शाल चुरगळत बसले."

रेडिओ खरखरला. कंपनीचा माणूस इंग्रजीत विचारत होता, औषध बिघडलं कसं?

माधवने मानवेलकडे पाहिलं, मग सासूकडे. बटण दाबलं.

"पेटी मी हलवली," तो म्हणाला. "चूक माझी. गाइड इज गुड. नो वरीज."

चारुदत्त जोसेफिनच्या कानाशी लागला. "हे खोटं आहे."

"मी सुट्टीवर आहे," जोसेफिन म्हणाली.

अंधारताना मानवेल श्यामलाबाईंची पथारी झटकून देत होता. "मावशी, पाय कुठे करायचे?"

त्यांनी त्या चार ताऱ्यांकडे बराच वेळ पाहिलं.

"कर दक्षिणेकडेच," त्या म्हणाल्या. "यम इथं आलाच, तर तोही नवखाच असेल. बसेल कुठंतरी उत्तरेला, सावलीची वाट बघत."