पारखीने डोळा मिटला तेव्हा

झोपेतसुद्धा बडबडणाऱ्या मुलाला ‘बोलता येत नाही’ असं कोणी सांगितलं, तर तुम्ही काय म्हणाल? शाल्मली तर आधी खो-खो हसली. मग तिने आईचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू जागच्या जागी विरलं.

साताऱ्याच्या वरच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या रांगांखाली टेकवाडी नावाचं गाव होतं. राज्यातल्या इतर शाळांसारखी तिथेही दुसरीतल्या प्रत्येक मुलाची भाषापडताळणी व्हायची. मूल किती वाचतं, वाचलेलं किती समजतं आणि मनातलं दुसऱ्याला किती सांगू शकतं, हे त्यात तपासत. यंदा या कामासाठी पारखी आला होता. पारखी म्हणजे कमरेएवढा उंच यंत्रमानव. कपाळावर एकच गोल डोळा आणि आवाज एखाद्या समजूतदार मामासारखा. शाल्मलीच्या धाकट्या भावाला, मल्हारला, त्याने वाचनात पैकीच्या पैकी गुण दिले आणि ‘सांगणे’ या विषयात दिला भोपळा.

भोपळा, आणि तोही मल्हारला! ज्याच्या तोंडाचा पट्टा थांबावा म्हणून शेजारच्या काकू त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवत, त्या मल्हारला! पण नियम म्हणजे नियम. सांगण्यात मागे पडलेल्या मुलाने वर्षभर साताऱ्याच्या भाषाघरात राहून शिकायचं. फेरतपासणी एकदाच मिळायची आणि ती सोमवारी होती. सात वर्षांचं पोर आईवाचून वर्षभर राहणार, या विचाराने शाल्मली अर्ध्या जेवणातून उठली.

ती आजोबांकडे गेली. सगळे त्यांना आप्पा म्हणत. आप्पा जन्मभर मापनशास्त्रज्ञ (मोजण्याची साधनं अचूक आहेत का, हे तपासणारे वैज्ञानिक) होते.

“आप्पा, ते यंत्र बिघडलंय.”

“असेल. किंवा मल्हार बिघडला असेल,” आप्पा मिस्कीलपणे म्हणाले. “किंवा दोघंही ठणठणीत असतील. मला सांग, धान्याच्या काट्यावर तू उभी राहिलीस, तर तुझी उंची कळेल?”

“छे! वजन कळेल.”

“मग काटा खोटं बोलला का?”

“नाही. पण मला हवं होतं ते त्याने सांगितलंच नाही.”

“शाबास! जे मोजायचं आहे नेमकं तेच मोजलं जाणं, याला मापाची वैधता म्हणतात. पारखीने काहीतरी मोजलंय खास. काय मोजलंय, ते तू शोध. फक्त एका वेळी एकच गोष्ट बदल. दोन बदलल्यास, तर फरक कशाने पडला ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही.”

रविवारी शाल्मली मल्हारला आणि आप्पांना घेऊन शाळेत गेली, तेव्हा मुख्याध्यापिका माने बाईंनी शाळा उघडून दिली. “मलाही त्याला पाठवायचं नाही गं,” त्या म्हणाल्या, “पण ‘पोरगं हुशार आहे’ एवढ्यावर भागत नाही. मला वर कारण कळवावं लागतं.”

पारखीने आपल्या पडद्यावर चित्र दाखवलं. मांडवात एक शेळी चक्क नवरदेवाच्या गळ्यातला हार खात होती.

“मल्हार, या चित्रात काय चाललंय?”

“शेळी.”

“आणखी काही?”

“हार.” झालं! पुढे तोंडाला कुलूप.

यंत्राला घाबरतोय की काय? शाल्मलीने पारखीला बाजूला सरकवलं आणि तेच चित्र कागदावर छापून घेऊन स्वतः विचारलं. पुन्हा शेळी आणि हार. म्हणजे भीती नव्हती. मग चित्र आवडत नसेल? तिने माणसं बदलली नाहीत, फक्त चित्र बदललं. पवनचक्कीला अडकलेला पतंग! पतंगासाठी मल्हार जेवण सोडायचा.

“पतंग,” मल्हार म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

शाल्मलीचा धीर सुटला. “अरे, नीट सांग ना! काय झालंय पतंगाला?”

“तुझ्यासमोरच तर आहे!” मल्हारही उखडला. “दिसतंय ते सांगितलं की आई म्हणते, मला डोळे आहेत रे बाबा!”

घरी मल्हार काय काय सांगायचा ते शाल्मलीला आठवलं. कोणाचं वासरू सुटलं, ओढ्यात काय दिसलं, शाळेत कोण रडलं. सगळं इतरांनी न पाहिलेलं! तिने शेळीचं चित्र मल्हारच्या हातात दिलं आणि त्याच्याकडे पाठ करून बसली.

“आता मला काहीच दिसत नाही. काय आहे त्यात?”

आणि धरण फुटलं! शेळी, हार, नवरदेवाची बोंबाबोंब, फेटा सांभाळत पळणारा काका आणि कोपऱ्यात गुपचूप लाडू खाणारी मुलगी. ती मुलगी तर बाईंनाही दिसली नव्हती.

आप्पांनी मांडीवर थाप मारली. “सापडलं! एकाला ठाऊक आणि दुसऱ्याला नाही, या अंतराला माहितीची दरी म्हणतात. बोलणं हा त्या दरीवरचा पूल. दरीच नसेल तर पूल कोण बांधेल? ठाऊक असलेलंच पुन्हा सांगायला पोर किती तयार आहे, एवढंच पारखीने मोजलं.”

“पण नियमात प्रश्न ठरलेले आहेत,” माने बाई काळजीने म्हणाल्या.

“प्रश्न ठरलेले आहेत,” पारखी म्हणाला. “मी डोळा उघडा ठेवावा, असं मात्र कुठेही सांगितलेलं नाही. मी आधी ऐकेन आणि चित्राशी नंतर ताडून पाहीन.”

सोमवारी फेरतपासणीत बाईंनी एका खोक्यातल्या चित्रांतून मल्हारला न बघता एक उचलायला लावलं. पारखीने डोळा मिटला. मल्हारने त्याच्यासमोर हात हलवून खात्री केली.

“खरंच दिसत नाही? मग आधी नाही का सांगायचं!”

बराच वेळ तो बोलत राहिला. शेवटी पारखीने डोळा उघडला, चित्र पाहिलं आणि ‘सांगणे’ या विषयातले सगळे गुण देऊन टाकले. दाराशी उभ्या असलेल्या आईने पदर डोळ्यांना लावला. शाल्मलीने धावत जाऊन भावाला असं आवळलं की तो ओरडलाच.

माने बाई मात्र आधीच कामाला लागल्या होत्या. इतर शाळांतल्या अशाच गप्प मुलांची पुन्हा तपासणी व्हावी, म्हणून त्या कारण कळवत होत्या.

“मल्हार,” पारखीने हाक मारली, “हा प्रश्न तपासणीतला नाही. या पठाराखाली दरीत काय आहे? मी तिथे कधी गेलो नाही. मला खरंच ठाऊक नाही.”

मल्हारने खुर्ची पुढे ओढली आणि ऐसपैस मांडी घातली.

“बस इथे,” तो म्हणाला. “सांगतो.”